रुपयामागे अर्धा आणा

"तुम्ही आयुष्यभर नेमकं काय केलंत?" असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "भागाकार." ते हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. गंमत कसली! सोलापुरात हातमागाच्या एका मोठ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं पगाराची वही लिहिली. महिन्याचा दर दिवसावर आणायचा, दिवसाचा आठवड्यावर न्यायचा, मधेच कुणी काम सोडलं की त्याच्या सतरा दिवसांचे किती ते काढायचं. बोटाला शाई, कानावर टाक आणि डोक्यात भागाकार, असे माझे दिवस गेले.

लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं? बारा रुपये महिना म्हणजे बारा रुपये महिना. अहो, पण कुठला महिना? अठ्ठावीस दिवसांचा, तीस दिवसांचा, की एकतिसाचा? हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्यानं पगाराच्या वहीला हात लावू नये. मला तो एकदा पडला नव्हता. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

हल्ली नव्या पैशात वाढलेल्या पोरांसाठी एक सांगून ठेवतो. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत. म्हणजे अर्धा आणा हा रुपयाचा बत्तिसावा भाग. एवढा बत्तिसावा भाग ध्यानात ठेवा, बाकी मी बघून घेतो.

आमचे मालक तेलुगू. त्यांचे वडील स्वतः मागावर बसलेले, आणि शंभर माग झाले तरी मालक रोज सकाळी ओसरीवरच्या मागावर हातभर कापड विणल्याशिवाय चहा घेत नसत. मला ते "पंतुलू" म्हणत, बाकी सगळे "पंत". मागावरच्या विणकरांना लुगड्यामागे मजुरी मिळे, त्यांच्याशी माझ्या भागाकाराचा संबंध नव्हता. पण रंगखात्यातले, सुताला खळ घालणारे, पहारेकरी आणि कांड्या भरणाऱ्या बायका अशी छत्तीस माणसं महिन्याच्या पगारावर होती. कांडी म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. रहाटावर बसून दिवसभर ती भरायची. दिसायला सोपं, पण संध्याकाळी खांदा वर उचलत नाही.

आणि आमच्याकडे महिना होता चंद्राचा. अमावास्येला सगळ्या पेठेतले माग बंद, त्या दिवशी सुट्टी. तिच्या आदल्या दिवशी पगार. अमावास्या ते अमावास्या म्हणजे एक महिना, मग त्यात एकोणतीस दिवस येवोत की तीस.

माझी पहिली चूक ऐका, म्हणजे दुसरी का झाली ते कळेल. रंगखात्यात दस्तगीरचाचा म्हणून होते. कोपरापर्यंत हात कायम निळे. ते एकदा येऊन म्हणाले, "पंतजी, मेरेकू महिने का हिसाब नक्को. हर जुम्मे कू देव. बारा रुपये महिना, तो हफ्ते के तीन. सीधा हिसाब है की नै?" मी नवा होतो. मला वाटलं, आहे की सीधा हिसाब. दर शुक्रवारी तीन रुपये देत गेलो. दिवाळीच्या पाडव्याला वर्षाचा मेळ घातला तर नऊ रुपये जास्त गेलेले! चार आठवड्यांचे होतात अठ्ठावीस दिवस. चंद्राच्या महिन्यालाही वर दीड दिवस उरतो. ते दीड-दीड दिवस साठत गेले आणि अठ्ठेचाळीस जुम्म्यांच्या जागी एक्कावन्न जुम्मे झाले.

मालकांनी आवाज चढवला नाही. चाचांकडून एक पै परत घेतली नाही. माझ्या अठरा रुपयांतून दरमहा बारा आणे कापून वर्षभरात नऊ रुपये वसूल केले. "पंतुलू, चुकीला पण हप्ता लागतो," एवढंच म्हणाले. चाचा बिचारे कानकोंडे झाले. त्या वर्षी ईदेला माझ्या टेबलावर शिरखुर्म्याचा मोठा डबा ठेवून, माझ्याकडे न बघता निघून गेले. मी मात्र त्या दिवसापासून एक धडा घेतला, की मालकाची एक पैही जास्त जाता कामा नये. धडा अर्धाच होता, पण मला तो पुरा वाटला.

पुढे मालकांचा मुलगा मुंबईत हिशेबाचं शिक्षण घेऊन परत आला. त्याला आम्ही धाकटे मालक म्हणत असू. माणूस वाईट नव्हता, पण आकाशाकडे बघून पगार वाटणारा कारखाना म्हणजे त्याला लाज वाटे. मुंबईचे व्यापारी विचारत, तुमचा महिना कधी संपतो? आणि आम्ही म्हणायचो, पंचांग बघून सांगतो. "पंत, या पाडव्यापासून पगार इंग्रजी महिन्याचा. एक तारखेला. नवी वही करा," ते म्हणाले. दिवाळी झाली, मधले दिवस रोजाच्या दरानं चुकते केले आणि डिसेंबरपासून नवी वही धरली.

दस्तगीरचाचांच्या हफ्त्याचा दर तर मी आधीच पैपर्यंत बरोबर करून ठेवला होता, दोन रुपये साडेतेरा आणे. महिन्याच्या माणसांना काय करायचं? जुन्या वहीत आठ होते, नव्यात आठ लिहिले. बाराचे बारा लिहिले. महिन्याला महिना! धाकट्या मालकांनी विचारलं, "आपलं नुकसान नाही ना यात?" मी छाती काढून म्हणालो, "एक पैचं नाही." खोटं बोललो नाही हो. नुकसान मालकाचं नव्हतंच.

कामगारांनीही अंगठे लावले. उलट सोयच झाली म्हणाले, खोलीचं भाडं इंग्रजी महिन्याचं असायचं, वाण्याची वहीही तशीच.

आता तानूबाईकडे येतो. कांडीखात्यातल्या नऊजणींत ही सगळ्यात जुनी. मोहोळकडची. नवरा गेल्यावर कडेवरच्या पोरीला घेऊन सोलापुरात आली आणि रहाटाला बसली. पगार आठ रुपये. अंगानं काडी, आवाज मात्र साऱ्या खात्याला पुरेल असा. तिनं त्या पोरीचं, चंद्राचं, लग्न आम्ही नवी वही धरली त्याच हिवाळ्यात टेंभुर्णीला करून दिलं. लग्नात मानपान जमला नाही. तेव्हा भर मांडवात तिनं विहिणीला शब्द दिला, "धोंड्याच्या म्हैन्यात जावयाला धोतरजोडी, तांब्याचं ताट अन् दिवा, समदं करीन." विहीण म्हणाली, "मग तवाच पोरगी म्हायेरी यील." आणि खरंच, अडीच वर्षांत त्या बाईनं चंद्राला एकदाही पाठवली नाही. नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही. तानूबाई कांडी भरता भरता बाकीच्यांना सांगायची, "येतोय की धोंडा. यीलच की."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, हे काही वाचकांना सांगायला नको. जावयाला बोलवायचं, तेहेतीस अनारसे ताटात घालून वर दिवा लावून द्यायचं. पण आमच्या कारखान्यात त्याची आणखी एक मजा होती. पगार चंद्राचा आणि भाडं इंग्रजी, त्यामुळे अधिक महिन्याचा पगार हातात मोकळा राहायचा. त्या पगारावर घरमालकाची, वाण्याची, कुणाचीच नजर नसे. शिवाय मालकांचा रिवाज असा, की त्या महिन्याचा पगार अमावास्येची वाट न बघता पौर्णिमेलाच द्यायचा, म्हणजे धोंडा करायला हाताशी येतो. तानूबाईनं मांडवात शब्द दिला तो या पगाराच्या जिवावर.

तीस साली सोलापुरानं मार्शल लॉ पाहिला, त्याच्या पुढच्या वर्षी आषाढ अधिक आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तानूबाई माझ्या टेबलापाशी आली. डोईवरचा पदर धुतलेला, हातात कापडी पिशवी.

"पंत, धोंड्याचा पगार उद्याच न्हवं? म्हंजी मी येरवाळीच यीन. टेंभुर्णीला सांगावा धाडलाय, अमुशाच्या आत या म्हणून."

मी वहीतून मान वर न करताच म्हणालो, "तानूबाई, पगार एक तारखेला. जूनचा."

"त्यो जूनचा. मी धोंड्याचा इचारतीया."

"अहो, आता इंग्रजी महिना आहे. त्यात धोंडा नसतो."

ती म्हणाली, "आसं कसं? म्हैना तर आलाय की. मी काम करतीया की त्यात."

तिनं कनवटीचा एक सुताचा दोरा काढून टेबलावर ठेवला. कांडीवरचंच सूत, दुपदरी. "नवी वही धरली तवापासनं दर अमुशाला एक गाठ मारतीया. मोजा तुमी. तुमास्नी येतंय की मोजाया."

मी मोजलं. बत्तीस गाठी होत्या. धोंड्याची मारायची होती, ती तेहेतिसावी. मग माझ्या वहीची पानं मोजली. येत्या जुलैचा पगार आधीच धरला तरी पगार होत होते बत्तीस. दोन्ही मोजण्या त्याच डिसेंबरात सुरू झालेल्या, त्याच जुलैत येऊन थांबणाऱ्या. एक महिना कमी!

तिला म्हणालो, "बघतो. उद्या या." ती गेली आणि मी पाटी ओढली. तेहेतीस महिन्यांचे आठाप्रमाणे दोनशे चौसष्ट. ते बत्तीस पगारांत वाटले तर आठ रुपये चार आणे. म्हणजे आठाला चार आणे, रुपयामागे अर्धा आणा, दर महिन्याला कमी गेलेला. बाराला लावून पाहिलं, सहा आणे. तेच. इंग्रजी महिना चंद्राच्या महिन्यापेक्षा दिवसभरानं मोठा, आणि त्या एका दिवसाची मजुरी मी कुणालाच लावली नव्हती. बत्तीस महिने अर्धा-अर्धा आणा म्हणजे पुरा रुपया, आणि बत्तीस-तेहेतीस महिन्यांनीच अधिक येतो. आपल्या जुन्या लोकांनी अधिक महिना आणि रुपया एकमेकांच्या मापानं शिवले होते की काय कोण जाणे! आणि मी शहाणा, छाती काढून तो महिना छत्तीस माणसांच्या अंगावरून कापून टाकला होता. अक्षर माझं, आकडे माझे.

खरं तर तेव्हाच उठून मालकांकडे जायला हवं होतं. नाही गेलो. घाबरलो, दुसरं काय? नऊ रुपयांसाठी वर्षभर पगार कापला होता. इथं छत्तीस जणांचा एकेक पगार, सव्वातीनशे रुपये. नोकरी गेली असती तर मंदीच्या त्या दिवसांत मला कोण उभं करणार होतं? मग मी भित्र्या माणसाला सुचते ती युक्ती केली. घरून आठ रुपये आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाईला गोडाऊनच्या आडोशाला गाठून हातावर ठेवले. "हा घ्या धोंड्याचा पगार. कुणाला बोलू नका."

तिचं तोंड जे फुललं, ते बघून मला वाटलं, सुटलो.

दुपारी ती परत आली. आठही रुपये तिनं टेबलावर मांडले, एकाशेजारी एक.

"पंत, रागावू नगा. पण ह्यो पगार न्हाई."

"का? आठ आहेत की."

"पगाराला अंगठा लागतोय. तुमी माजा अंगठा घेतला न्हाई. ह्ये तुमचं घरचं पैसं हाईत."

मी काहीतरी पुटपुटलो, की नंतर घेऊ अंगठा, वहीत जागा नव्हती.

"आन् मला एकलीलाच कसा म्हैना आला?" तिचा तो सगळ्या खात्याला पुरणारा आवाज एकदम बारीक झाला होता. "कांडीखात्यात नऊजणी हाय आमी. म्हैना तर समद्यास्नी आलाय की. सकीनाबी तेवढंच दीस रहाट फिरवतीया, नरसव्वाबी. मी ह्ये पैसं घिऊन जावयाला धोतर नेसवू, आन् उद्या त्यांच्याशेजारी बसून कांडी भरू? हात चालंल व्हय माजा?"

"पण तानूबाई, चंद्रा येणार आहे ना? मग?"

तिनं पदर डोळ्याला लावला. माझ्यासमोर तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "न्हाई आली तर न्हाई आली. अडीच वर्सं काढली, आनखी काढीन. तुमी मातुर म्हैना हुडका, पंत. हितं वहीतच कुटंतरी पडला आसंल."

ती गेली. मी ते आठ रुपये कोटाच्या खिशात टाकले, वही बगलेत मारली आणि तसाच मालकांच्या ओसरीवर गेलो. मालक मागावर होते, धाकटे मालक शेजारी खुर्चीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाटीही दाखवली. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. दरपत्रक मी केलं."

धाकटे मालक ताडकन उठले. "सव्वातीनशे रुपये? काय बोलताय पंत! त्यांनी अंगठे लावलेत. कबूल आहे म्हणून लावलेत."

मालकांनी धोटा हातात धरून ठेवला. बराच वेळ ओठ हलवत बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "रुपयात अर्धे आणे किती, पंतुलू?"

"बत्तीस."

"आणि अधिक?"

"बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी."

"अय्यो," ते हसले. मग मुलाकडे वळले. "अंगठा त्यांचा आहे, पण अंगठ्याच्या वरचं अक्षर आपलं. त्यांना ते वाचता येत होतं का?" धाकटे मालक परत खुर्चीत बसले. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दस्तगीरकडे नऊ रुपये जास्त गेले, ते मला पाडव्याच्या आत कळले. तुझ्याकडून वसूल केले. हे माझ्याकडे जास्त आले, ते तीन वर्षं कळले नाहीत. आता हे कुणाकडून वसूल करू, सांग."

त्यांनी धोटा मागात ठेवला. "दे सगळ्यांना. परवा. आणि अंगठे घे. पुढच्या महिन्यापासून रुपयामागे अर्धा आणा वाढव."

नोकरी राहिली. ते नऊ रुपये मात्र मला कधी परत मिळाले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी छत्तीस जणांना धोंड्याचा पगार वाटला. एकतीस वर्षांत शेकडो पगार वाटले, पण तसा दिवस पुन्हा आला नाही. नरसव्वा पैसे तीनदा मोजून म्हणाली, मालकांच्या घरात कुणाचं लग्न आहे का? कुणी म्हणालं, साहेबाच्या महिन्यानं आपला महिना गिळला होता, मालकांनी पोटातून काढला. मी खाली मान घालून अंगठे घेत होतो. तानूबाईचा अंगठा घेताना तिनं तो शाईत इतका बुडवला की वहीवर टपोरा डाग पडला. "नीट उमटू द्या, पंत," ती म्हणाली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी ती परत माझ्या टेबलाशी उभी. बरोबर हिरव्या लुगड्यातली एक पोरगी, मागे संकोचलेला जावई, अंगावर करकरीत कोरं धोतर. चंद्राला मी परकरात पाहिली होती. आता तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं. तानूबाईनं ते नातवंडही चारच दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या आण्यानं कुठवर हात घातला होता बघा!

तानूबाईनं तो सुताचा दोरा पुढे केला. "ही तेहेतिसावी गाठ तुमी मारा."

माझे हात टाक धरणारे. गाठ सैल पडली. तिनं ती सोडून परत घट्ट मारली आणि लेकीला म्हणाली, "चंद्रे, पाया पड ह्यांच्या. आपला हरवलेला म्हैना ह्येंनी हुडकून दिला."

पोरगी वाकली. मला त्याच क्षणी सांगायचं होतं. मी "तानूबाई, तो महिना…" असं म्हणालोही. पण तेवढ्यात तिनं पुडक्यातला अनारसा काढून माझ्या हातावर ठेवला आणि "आधी खावा, मग बोला," म्हणाली. मी खाल्ला. तो घशाखाली उतरेपर्यंत धीर गेला. नातवंड रडायला लागलं आणि ती मंडळी निघाली. त्यानंतर चौदा वर्षं ती रोज माझ्या टेबलासमोरून रहाटाकडे गेली. चौदा वर्षं मी तिला ते सांगितलं नाही.

तानूबाई आता नाही. चंद्रा टेंभुर्णीला आहे, तिच्या घरी हा अंक जात असेल तर कुणीतरी तिला वाचून दाखवा. पोरी, तुझी आई त्या दिवशी चुकीचं बोलली होती. तुझा महिना मी हुडकला नव्हता. मीच हरवला होता.